पत्र्याआडचं कलापूर

"केशवरावला जायचंय? तिकडं आता बघायला काय न्हाई ओ. पत्रं मारल्यात."

रात्रभर महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये हाडं खिळखिळी करून सकाळी कोल्हापूरच्या शाहू टर्मिनसवर उतरलो होतो. स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्या मामांनी मला परस्पर अंबाबाईच्या देवळाकडे न्यायचं ठरवलेलं दिसत होतं. मी म्हटलं, "मामा, पत्रेच बघायचेत." त्यांनी आरशातून एकदा माझ्याकडे पाहिलं, मीटर टाकला आणि खासबागेच्या दिशेने निघाले.

पत्रे खरंच होते. त्यांच्या वरून दगडी भिंतींचा काळवंडलेला माथा दिसत होता. आत बांधकामाचा आवाज. संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. ज्यांनी हार आणून ठेवले होते त्यांना राखेपुढे उभं राहावं लागलं. मामा रिक्षा बंद करून खाली उतरले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. "त्या रात्री आख्खं गाव हितं हुतं बघा. नाटकाला कधी एवढी माणसं आली न्हाईत."

कोल्हापुरी माणूस दुःखसुद्धा असं तिखट लावून सांगतो.

मी आलो होतो ते कोल्हापूरच्या चित्रकारांचा, गायकांचा, नटांचा आणि गीतकारांचा माग काढायला. या गावाला कलापूर म्हणायची पद्धत आहे. दिवाळी अंकांतून, सत्काराच्या भाषणांतून ती इतकी वापरून झालीय की तिचा काठ झिजलाय. मला वाटलं, दोन दिवस पायी हिंडून बघावं, कलापुरात कलेचं नेमकं काय शिल्लक आहे. पहिलाच मुक्काम पत्र्याच्या कुंपणाशी झाला, आणि खरं सांगायचं तर तो पुढच्या सगळ्या मुक्कामांची नांदी ठरला.

हे नाट्यगृह शाहू महाराजांचं. ते १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले होते. तिथली मैदानं आणि नाट्यगृहं त्यांनी डोळ्यांत साठवून आणली. परतल्यावर एकाच आवारात दोन वास्तू उठल्या. एक खासबागेचं कुस्ती मैदान आणि त्याला पाठ लावून 'पॅलेस थिएटर'. नाट्यगृहाचं बांधकाम १९१३ ते १९१५ या काळातलं. तांबडी माती आणि रंगमंच यांची सामाईक भिंत असलेलं दुसरं गाव मला तरी ठाऊक नाही. कोल्हापूरचं मन ज्याला समजून घ्यायचं असेल त्याने या भिंतीपासून सुरुवात करावी. इथे पैलवान नाटक बघतो आणि नट तालमीत जातो. दोघांनाही दम लागतो, हे इथल्या लोकांना सांगावं लागत नाही.

केशवराव भोसले कोल्हापुरातच १८९० मध्ये जन्मले. घरची गरिबी. अगदी लहानपणी स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले आणि 'शारदा' नाटकातल्या शारदेच्या भूमिकेने पोरवयातच नावारूपाला आले. १९०८ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी हुबळीला 'ललितकलादर्श' ही स्वतःची मंडळी काढली. पुढे मामा वरेरकरांची 'हाच मुलाचा बाप', 'संन्याशाचा संसार' ही सामाजिक नाटकं त्यांनी रंगभूमीवर आणली. जुलै १९२१ मध्ये मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग झाला. केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे मालक एका रंगमंचावर समोरासमोर गाणार, म्हणून लोक वेडे झाले होते. आजही जुने रसिक त्या रात्रीबद्दल अशा थाटात बोलतात की जणू ते स्वतः पिटात बसले होते. तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ ला, केशवराव विषमज्वराने गेले. वय अवघं एकतीस.

म्हणजे ज्यांच्या नावाचं हे नाट्यगृह, त्यांचं गाणं आज जिवंत असलेल्या कुणीही समोर बसून ऐकलेलं नाही. तरी आग लागली त्या रात्री गाव रडलं. मामा निघताना म्हणाले, "परत उभं राहतंय म्हणं. पण जुन्या लाकडाचा वास कुठला आणनार?"

खासबागेजवळच गायन समाज देवल क्लब. ही संस्था १८८३ पासूनची. संगीताचा छंद असलेल्या गावकऱ्यांनी चालवलेल्या इतक्या जुन्या संस्था देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. कोल्हापूरच्या गाण्याची गोष्ट सांगायची तर ती एका परगावच्या माणसापासून सुरू होते. अल्लादिया खाँसाहेब मूळचे राजस्थानातल्या उनियाऱ्याचे. जन्म १८५५. तरुणपणी एका संस्थानिकाच्या दरबारात इतकं गावं लागलं की त्यांचा आवाजच बसला. जो परत आला तो पहिल्यासारखा सरळ, मोकळा धावेना. दुसरा एखादा असता तर तंबोरा गवसणीत घालून घरी बसला असता. खाँसाहेबांनी उरलेल्या आवाजाला साजेसं गाणं घडवलं. वळणावळणाच्या, एकात एक गुंतलेल्या ताना, लयीला सतत चिकटून चालणारी फिरत, आणि अनवट, जोड रागांची आवड. या गायकीला आपण जयपूर-अत्रौली घराणं म्हणतो, पण ती पिकली ती कोल्हापुरात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत ते शाहू महाराजांचे दरबारगायक झाले आणि महाराज १९२२ मध्ये जाईपर्यंत इथेच राहिले. नंतर मुंबईला गेले. तिथे १९४६ मध्ये त्यांचा अंत झाला.

त्यांच्या आवाजाचं एकही ध्वनिमुद्रण नाही. ग्रामोफोन कंपन्या दारात असण्याच्या काळात त्यांनी तबकडीसाठी गायला नकार दिला. तरीही त्यांचं गाणं आपण ऐकतो. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या दोघी गोमंतकीय गायिकांच्या गळ्यांतून ते ऐकतो. मोगूबाईंच्या पोटी किशोरी आमोणकर, तिथेही ऐकतो. खाँसाहेबांचे चिरंजीव भूर्जी खाँ कोल्हापुरात राहून शिकवत होते. धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सूरांना आणि कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णींना त्यांची तालीम मिळाली. ज्या गायकाने स्वतःच्या आवाजाचा एक कणही मागे ठेवला नाही, त्याच्या गाण्याची वंशावळ अशी वाढलेली आहे. माझ्या वहीत मी त्या दुपारी एवढंच लिहिलं: नाट्यगृह नाही, आवाज नाही. पुढे बघू.

दुपारी मिसळ खाल्ली. तिच्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. कोल्हापूरवर लिहिणारा प्रत्येक जण कटाच्या तवंगात बुडून मरतो. एवढंच सांगतो की भटारखान्यात एक माणूस कांदा चिरत गाणं गुणगुणत होता. चाल ओळखीची होती. मी विचारलं, "कुणाचं हो गाणं?" तो सुरी थांबवून म्हणाला, "पिच्चरचं." त्या गाण्याकडे पुन्हा येईन.

खासबागेकडून पेठेत शिरून खरी कॉर्नरपर्यंत चालत गेलं की वाटेत कॅमेऱ्याचं स्मारक लागतं. राजे, देशभक्त, पैलवान यांचे पुतळे सगळीकडे असतात. कॅमेऱ्याचं स्मारक मात्र मी आयुष्यात इथेच पाहिलं. बाजूने दुचाक्या सुसाट जात होत्या. एका भाजीवाल्या मावशींना विचारलं, हा कॅमेरा कुणाचा? त्यांनी मेथीची जुडी बांधता बांधता सांगितलं, "आमच्या बाबूराव पेंटरांचा." 'आमच्या' हा शब्द त्यांनी जुडीसारखाच घट्ट बांधला.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री, जन्म ३ जून १८९०. योगायोग असा की केशवराव भोसल्यांहून ते जेमतेम दोन महिन्यांनी मोठे. घराणं कारागिरांचं, लाकूड, धातू, हस्तिदंत, जे हाती येईल त्याला आकार देणारं. शाळेत मन रमलं नाही. चुलतभाऊ आनंदरावांबरोबर ते नाटकांचे पडदे रंगवू लागले. संगीत नाटकाच्या त्या बहराच्या दिवसांत महाल, अरण्य, रस्ता, देऊळ हे सगळं पडद्यावर रंगवलेलं असे. हे दोघे भाऊ त्या कामात इतके नावाजले की त्यांचं आडनावच बदललं. मेस्त्रींचे ते पेंटर झाले. मराठीत धंद्यावरून आडनाव पडणं नवीन नाही, पण एका इंग्रजी शब्दाला कोल्हापुराने असं घरचं करून टाकलं की आज 'पेंटर' म्हटल्यावर इथे कुणाला भिंती रंगवणारा आठवत नाही.

मग दादासाहेब फाळक्यांचे चित्रपट आले. दोघा भावांच्या डोळ्यांपुढे पडदा हलू लागला. चित्र रंगवता येतं, मग हलतं चित्र का काढता येऊ नये? विलायती कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती. त्यांनी तो घरी बनवायचं ठरवलं. मुंबईहून जुना प्रोजेक्टर आणून खोलून पाहिला, आणि उलट्या बाजूने विचार करत कॅमेऱ्याची जुळवाजुळव मांडली. १९१६ मध्ये आनंदराव अकाली गेले. यंत्र अर्धवट राहिलं. बाबूरावांनी विष्णुपंत दामले या हुन्नरी शिष्याला हाताशी धरून ते पुरं केलं. या खटपटीतूनच 'महाराष्ट्र फिल्म कंपनी' उभी राहिली. तिच्या भांडवलाला तानीबाई कागलकर या गायिकेचा पैसा होता. कोल्हापूरच्या सिनेमाचा पाया एका बाईच्या गाण्याच्या कमाईवर आहे, हे त्या स्मारकापाशी उभं राहून मला पहिल्यांदा नीट जाणवलं. तानीबाईंचं स्मारक कुठे आहे, हे मावशींना विचारायचा धीर झाला नाही.

कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री', १९२०. भीम कीचकाला मारतो ते दृश्य इतकं अंगावर येणारं होतं की सेन्सॉरने ते कापलं. पुण्यात लोकमान्य टिळकांनी तो पाहिला आणि बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला आणि शिवाजी महाराजांची भूमिका स्वतः केली. १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये देव, राक्षस, राजे सगळे बाजूला ठेवून कर्जापायी जमीन गमावणारा शेतकरी पडद्यावर आणला. कथा नारायण हरी आपट्यांची आणि शेतकरी झाला होता कंपनीतला एक तरुण, व्ही. शांताराम. ज्या काळात भारतीय सिनेमा पुराणातून फारसा बाहेर यायला तयार नव्हता त्या काळातलं हे धाडस.

बाबूराव दिग्दर्शक होण्याआधी चित्रकार होते, आणि ते शेवटपर्यंत चित्रकारच राहिले. दृश्य घेण्यापूर्वी ते कागदावर काढत. पोशाख काढत. जाहिरातीची चित्रंही स्वतः काढत. त्यांच्या 'कल्याण खजिना'चं १९२४ चं पोस्टर हे आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट पोस्टरांपैकी एक मानलं जातं. गंमत बघा. 'सैरंध्री' नाही. मूक 'सावकारी पाश' नाही. कंपनीच्या बहुतेक फिल्मा नायट्रेटच्या होत्या. त्या जळाल्या, विरघळल्या, हरवल्या. काही चित्रपटांचे तुकडे तेवढे हाती लागलेत. जे यंत्राने टिपलं ते गेलं आणि चार दिवस भिंतीवर डकवून फाडून टाकायचा कागद मात्र उरला.

आणि उरले ते शिष्य. दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम हे चौघे या कंपनीच्या तालमीत तयार झाले. कॅमेरा दुरुस्त करण्यापासून सेट रंगवण्यापर्यंत प्रत्येकाला सगळं करावं लागे. १९२९ मध्ये ते बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णी या सराफाच्या साथीने त्यांनी कोल्हापुरातच 'प्रभात'चा आरंभ केला. 'अयोध्येचा राजा' हा १९३२ चा मराठी बोलपट इथेच तयार झाला. पुढच्या वर्षी प्रभात पुण्याला गेली. चार वर्षांनी दामले-फत्तेलालांच्या 'संत तुकाराम'ची व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणणी झाली. गुरूला मागे टाकून शिष्य गेले, असं कुणी म्हणेल. कुस्तीच्या गावात याला गुरूचा विजय समजतात.

उन्हं कलल्यावर शिवाजी चौकात गेलो. चारही बाजूंनी वाहनांचा गराडा आणि मधोमध महाराजांचा पुतळा. या जागी पूर्वी मुंबईचे गव्हर्नर विल्सन यांचा पुतळा होता. १९४२ च्या आंदोलनात स्वातंत्र्यसैनिकांनी तो विद्रूप केला. त्या रिकाम्या जागी चित्रपट दिग्दर्शक भालजी पेंढारकरांच्या पुढाकाराने १९४५ मध्ये शिवछत्रपतींचा पुतळा बसला. घडवणारे हात बाबूरावांचे. पंचावन्नाव्या वर्षी सिनेमा मागे पडला होता, पण हात गप्प बसले नव्हते. १९५४ मध्ये ते गेले. रोज हजारो कोल्हापूरकर त्या पुतळ्याला वळसा घालून कामाला जातात. ते कलादालनात चाललेत असं त्यांना वाटत नाही आणि तेच बरं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाऊन हॉल. चार्ल्स मॅंट नावाच्या इंग्रज वास्तुविशारदाने १८७० च्या दशकात बांधलेली ही देखणी इमारत आता वस्तुसंग्रहालय आहे. ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली समुद्रदेवतेची छोटी रोमन कांस्यमूर्ती बघायला लोक इथे येतात. मी आबालाल रहिमान यांच्या चित्रांसाठी आलो होतो.

आबालाल हे कोल्हापूरच्या चित्रपरंपरेचे आदिपुरुष. घर कुराणाच्या हस्तलिखित प्रती करणाऱ्यांचं, त्यामुळे अक्षराचं वळण लहानपणीच बोटांत आलं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, पदक मिळवलं, आणि मुंबईत नाव करण्याऐवजी गावी परतले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार केलं. शिकारीची दृश्यं काढली, व्यक्तिचित्रं काढली. पण त्यांचा जीव रमला तो पाण्याशी. रंकाळा, संध्यामठ, पंचगंगेचा घाट, कोटितीर्थ. समोर उभं राहिलं की चित्रात फक्त ठिपके आणि तुटके फटकारे दिसतात. दोन पावलं मागे सरकलं की ओलसर सकाळ उभी राहते. युरोपातल्या दृक्प्रत्ययवाद्यांशी त्यांची तुलना नेहमी होते. मला ती तुलना थोडी आळशी वाटते. पॅरिसमध्ये चित्रकारांचे अड्डे होते, वाद होते, एकमेकांना वाचवणारे मित्र होते. आबालाल कोटितीर्थाच्या काठी एकटे राहत होते आणि रोज तेच पाणी बघत होते. उजेड पाण्यावर कसा तुटतो हे कळायला त्यांना कुठल्या वादाची गरज पडली नसावी.

शाहू महाराज १९२२ मध्ये गेले आणि आबालालांचा आधार तुटला. त्या शोकात त्यांनी आपली चित्रं तळ्यात बुडवली, असं कोल्हापुरात सांगतात. १९३१ मध्ये ते वारले. त्यांच्या अफाट कामातलं फार थोडं आज पाहायला मिळतं. टाऊन हॉलच्या त्या शांत दालनात मी बराच वेळ उभा राहिलो. पहारेकरी काका जवळ आले, चित्राकडे आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "जवळनं बघू नगा. लांबनं बघा. लांबनंच दिसतंय त्ये." एवढं नेमकं मार्गदर्शन मला आजवर कुठल्याही कॅटलॉगमध्ये मिळालेलं नाही.

तिथून राजारामपुरीत. इथे चंद्रकांत मांडरे यांचं राहतं घर आता कलासंग्रहालय आहे. चंद्रकांत आपल्याला नट म्हणून ठाऊक. बाबूरावांनी 'सावकारी पाश' पुन्हा बोलपट म्हणून १९३६ मध्ये केला, त्यातून ते पडद्यावर आले. धाकटे भाऊ सूर्यकांत यांच्याबरोबरचे 'सांगत्ये ऐका' आणि 'पवनाकाठचा धोंडी' पाहिलेली पिढी अजून आहे. पण या घरात फिरताना नट विसरायला होतो. भिंतींवर डोंगर, झाडं, नद्या. रंगांची पूड वापरून केलेल्या 'पावडर शेडिंग'च्या चित्रांत झाडाच्या बुंध्याचा खरखरीतपणा बोटाला जाणवेलसं वाटतं. शूटिंगला जिथे गेले तिथे फावल्या वेळात निसर्ग काढत राहिले. शेवटी घर आणि चित्रं दोन्ही शासनाला देऊन टाकली. दोन दिवसांत मला जपलेलं असं काही सापडलं ते इथे, एका नटाने स्वतःच्या घरात जपलेलं. संग्रहालयात माझ्याखेरीज दुसरं कुणी नव्हतं.

मंगळवार पेठेतल्या जयप्रभा स्टुडिओच्या आवारात चित्रीकरणाची लगबग आता नाही. राजाराम महाराजांच्या काळात 'कोल्हापूर सिनेटोन' म्हणून ही जागा उभी राहिली आणि पुढे भालजी पेंढारकरांची झाली. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये जाळपोळ झाली, तीत स्टुडिओ पेटवला गेला. 'मीठभाकर' हा तयार चित्रपट त्यात खाक झाला. भालजींनी तो पुन्हा पहिल्यापासून चित्रित केला आणि पडद्यावर आणला. आग म्हटली की मला आता भिंती दिसत नाहीत. एकच सिनेमा दोनदा काढणारा हा माणूस दिसतो. भालजींना १९९१ चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. तेव्हा वय नव्वदीच्या पुढे होतं.

भालजींची आणखी एक ओळख लोकांना कमी ठाऊक असते. 'योगेश' या नावाने ते चित्रपटगीतं लिहीत. आणि त्यांच्या 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं', 'तांबडी माती' या चित्रपटांना 'आनंदघन' नावाच्या संगीतकाराचं संगीत होतं. आनंदघन म्हणजे लता मंगेशकर. वडील गेल्यावर १९४२ नंतर मास्टर विनायकांच्या 'प्रफुल्ल पिक्चर्स'च्या आधाराने मंगेशकर कुटुंब कोल्हापुरात काही काळ राहिलं होतं. अडचणीच्या दिवसांत ज्या गावाने पाठ दिली त्या गावाच्या मातीतल्या चाली त्यांनी नाव झाकून बांधल्या. जयप्रभा स्टुडिओही त्यांनी विकत घेतला होता.

त्याच १९४८ च्या जाळपोळीत करवीर तालुक्यातल्या एका ब्राह्मण पोराचं घर जळालं होतं. त्या होळीपुढे त्याने पहिली कविता लिहिली, असं सांगितलं जातं. ते जगदीश खेबूडकर. जन्म १९३२. पुढे शिक्षक झाले. दिवसा मुलांच्या वह्या तपासायच्या आणि रात्री लावण्या लिहायच्या. 'रंगल्या रात्री अशा' या १९६२ च्या चित्रपटापासून त्यांचं नाव झालं. मग एक दशक असं आलं की तमाशापट म्हटला की गीतकार खेबूडकर. १९७२ मध्ये शांतारामांनी 'पिंजरा' केला, गाणी खेबूडकरांची. बाबूरावांच्या कंपनीत पडेल ते काम करणारा पोऱ्या आणि जळितातून उठलेला मास्तर, दोन कोल्हापूरकर पन्नास वर्षांच्या अंतरावरून एका पडद्यावर भेटले. शाळामास्तराच्या अंगी तमासगिराची बोली कुठून आली? खेड्यात वाढलेल्या, जत्रेत जाणाऱ्या, कान उघडे ठेवणाऱ्या माणसाला ती वेगळी शिकावी लागत नाही. आणि त्याच लेखणीतून 'आम्ही जातो अमुच्या गावा'ची गाणी आली, सुधीर फडक्यांच्या चालीत. फडकेसुद्धा जन्माने कोल्हापूरचेच.

मिसळीच्या भटारखान्यात कांदा चिरणारा माणूस गुणगुणत होता ते गाणं खेबूडकरांचं होतं. त्याच्या लेखी ते 'पिच्चरचं' होतं. पहिल्या दिवशी मला याचं वाईट वाटलं होतं. जयप्रभाच्या दारात उभं राहून वाटलं, या गावात आगीला न सापडलेली हीच एक गोष्ट असेल, कारण ती कुणाच्या कपाटात नव्हती.

परतीच्या दिवशी पहाटे रंकाळ्यावर गेलो. धुकं पाण्यावर पसरलेलं. काठाने फिरायला आलेली मंडळी, हवेत गवताचा ओला वास, शालिनी पॅलेसची फिकट आकृती पलीकडे. संध्यामठाच्या समोर चित्रकलेच्या कॉलेजची पाच-सहा मुलं कठड्यावर बोर्ड टेकवून बसली होती. कोल्हापुरात 'दळवीज' आणि 'कलानिकेतन' अशा कलाशाळांतून पिढ्यान् पिढ्या मुलं अशी पहाटे पाण्यावर येतात. वर्गात शिकवून न येणारं ते इथे शिकतात. एक मुलगी बाकीच्यांपासून थोडी बाजूला बसली होती.

"रोज येतेस?"

"रोज येतो की," ती म्हणाली. कोल्हापूरच्या मुली 'येतो', 'जातो', 'जेवलो' असंच बोलतात आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही. "परीक्षा हाय. आणि सर म्हणत्यात, शंभर वेळा काढल्याबिगर संध्यामठ तुमचा व्हत न्हाई."

"आबालालांनीही हाच काढला होता."

"म्हायती हाय. टाऊन हॉलला बघितलंय." मग थोडं थांबून, "त्यांचा लई चांगला आलाय."

मला हसू आलं. जणू आबालाल तिच्याच वर्गात पुढच्या बाकावर बसतात.

पाणी भरपूर होतं. संध्यामठाचे खालचे खांब बुडालेले होते. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तो पुरा दिसतो, एरवी अर्धाच. तिने वरचा दगडी भाग फार निगुतीने काढला होता, आणि पाण्याच्या जागी दोन-तीन रुंद, पातळ फटकारे मारून सोडून दिलं होतं.

मी विचारलं, "खाली बुडालेलं आहे ते दाखवायचं नाही का?"

तिने ब्रश डब्यातल्या पाण्यात खळबळवला. डब्यातलं पाणी रंकाळ्याचंच होतं.

"ते दावायचं नसतंय ओ," ती म्हणाली. "वरचं नीट उभं केलं, की खाली काय हाय ते बघणाऱ्याला आपसूक कळतंय."

मग तो कागद तिने बोर्डावरून काढला, वाळायला कठड्यावर दगडाखाली ठेवला आणि नवा कोरा कागद लावला. माझी गाडी अकराची होती. अजून वेळ होता. मी तिच्यापासून जरा लांब सरकून बसलो, काकांनी सांगितल्यासारखा.